बैठकीतलं उत्तर

सांगू कुणाला गं, जिवाचं दुखणं
जात्यानं झाकलं, दाण्याचं रडणं

लग्नघरात हळद दळताना आत्यानं, म्हणजे कुसुमताईंनी, म्हटलेली ही ओवी हेमांगीच्या कानात लहानपणीच घर करून बसली. आता हेमांगी आत्याच्याच गावी, ग्वाल्हेरात, आरोग्य धोरणाचं एम. ए. करत होती. वर्गात कुणी वकील, कुणी अर्थशास्त्राचा. हिचं समाजशास्त्र आणि अभ्यासातला जोडीदार अपूर्व डॉक्टर. दोघांचा मिळून एकच प्रबंध: आत्याच्या माधवगंज मोहल्ल्यातल्या बायका दवाखाना का टाळतात.

पहिली मुलाखत आत्याचीच. मानाची म्हणून ती बैठकीत झाली, दौलतसिंह आतोबा समोर बसलेले. आत्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, सगळं बरं आहे. हेमांगीनं त्यावर अख्खं प्रकरण रचलं: घरचा आधार असला की बाई निरोगी राहते.

अपूर्व म्हणाला, "ही मुलाखत वगळू या. क्यों, मत पूछ."

त्या क्षणी तिच्या मनात काटा रुतला. डॉक्टर लोकांना समाजशास्त्र म्हणजे गप्पाच वाटतात. माझं प्रकरण पाडून हा स्वतःचं पुढे करणार. मग एका दुपारी नई सडकवर औषधाच्या दुकानाशी तिला दोघं दिसली, अपूर्व आणि आत्या. हिला पाहताच आत्यानं पिशवी पदराआड घेतली. माझ्याच माणसाला फितवतोय, हेमांगीला वाटलं. प्रबंधाच्या सरांकडे तक्रार करायचं ठरवूनच ती आत्याच्या स्वयंपाकघरात शिरली.

आत्या उभ्यानंच भाजी चिरत होती. हेमांगीनं सरळ विचारलं, तो तुझ्याकडून काय काढून घेतोय? उद्या त्याची तक्रार करणार आहे मी.

आत्याची सुरी थांबली. मुलाखतीनंतर अपूर्व हेमांगीला न्यायला दारात आला होता तेव्हाच आपलं अवघडून उठणं-बसणं त्यानं हेरलं, असं ती हळू आवाजात सांगू लागली. कुणाला सांगणार नाही असं वचन तिनंच त्याच्याकडून घेतलं होतं.

"पोराच्या मागे लागू नकोस, हेमे. तो शब्दाला जागला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? बैठकीत, ह्यांच्यासमोर." आत्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग ओवीच्याच हळव्या सुरात, पण न गाता, म्हणाली, "अंग बाहेर येतं गं माझं. समरजीत झाला त्या बाळंतपणापासून."