बर्फातली शिळा

मोऱ्याच्या कोळीवाड्यात हौसेराव भगताच्या अंगणात त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर दमयंती बसली होती. एके काळी जिच्या हसण्यावर बाजारात गिऱ्हाईक थांबायचं, तीच मासळीवाली. आता डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरलेली, आणि हसायला गेली की ओठ भलतेच वळायचे. गिऱ्हाइकांना वाटे, बाई गुरकावतेय.

भगताने हंड्यातून लाल फडक्यात गुंडाळलेली शिळा काढली. "सात समुद्राखालची हाय. भूत काय, भुताचा बापपन पापनी सोडल."

शिळा डोळ्यावर दाबून तो पुटपुटत राहिला. उचलली, तर डोळा टक्क उघडा. बायकांचे हात आपोआप जुळले.

"गोल्या बंद ना?" भगताने विचारलं. "देवी नि डाक्तर एका घरान नांदत नाय."

दमयंतीने मान हलवली. मागे तिची दहावीतली लेक रुतिका उभी होती. गोळ्या सोडल्यापासून आई नाकात बोलत होती. दुपारी तर प्यायलेली पेज नाकातून परत आली होती.

इतक्यात रुतिकाच्या पायावर गार थेंब पडला. भगताच्या फडक्यातून. त्याला बोंबलाचा वास होता, थेट मासळीच्या खोक्यातला. तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं: शरीराची राखणदार फौजच शरीरावर उलटलीय, नसांचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाही, उकाड्यात त्रास वाढतो, गारव्यात कमी होतो.

ती बघत थांबली. थोड्या वेळात आईची पापणी पुन्हा उतरली.

"भूत चिवट हाय," भगत म्हणाला, "उद्या परत या."

रुतिकाने फाटकाजवळच्या आईच्या खोक्यातला बर्फ ओढणीत बांधला आणि पापणीवर धरला. ओठ हलवत राहिली. डोळा उघडला.

गर्दीतली सुमित्राबाई तिच्या पायाच पडली. "देवी पोरीच्या अंगान आली गो."

"मावशी, उठ. मी सतराचा पाढा बोलले. तोपण मध्ये चुकला."

"देवी पाढ्यातूनपन बोलते," भगत घाईने म्हणाला.

"मग काका, तुमची शिळा कोमट पाण्यात ठेवू. देवी तिथूनपण बोलेल ना?"

भगताने शिळा छातीशी घट्ट धरली. त्याच्या सदऱ्यावर ओला डाग पसरत गेला. अंगणातल्या साऱ्या कोळणी त्या डागाकडे बघत राहिल्या. रोज बर्फ फोडणाऱ्या हातांना वेगळं काय सांगायचं?

"पन डोला उघडला होता गो, रुतू," दमयंती अडखळत म्हणाली.

"उघडला ना, आये. थकलेला स्नायू गारव्याने घटकाभर उठतो, तेवढंच. बर्फावर मासळी टिकते. तुला औषध पायजे."

आईची मान आता रुतिकाच्या खांद्यावर कलली होती. कुणीतरी रिक्षा आणायला धावलं. "सरळ हॉस्पिटलला," रुतिका म्हणाली, आणि आईला सावरत बायकांकडे वळली.

"मावश्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघा."