बेबीबाईचा गुडघा

उमाकांतशेठनं ऑटोमॅटिक गिअरचा नवा ट्रक घेतला, कारण क्लच दाबून दाबून ड्रायव्हर वीरसिंगचा डावा पाय कामातून गेला होता. "आते डावा हात मोकळा, डावा पाय मोकळा. बसीसन पगार खाय, दादा," म्हणत शेठ स्वतःच शेजारी बसला. जुना ट्रक भंगारात गेलाच होता. हा जमला नाही तर वीरसिंगची नोकरीही त्याच वाटेनं जाणार होती.

जुन्या ट्रकमध्ये त्याची बायको बेबीबाई गिअरच्या दांड्याला खेटून बसायची. सुरुवातीला दर गिअरला तिच्या गुडघ्याला दांडा लागायचा आणि वीरसिंगला शिव्या बसायच्या. पुढं इंजिनाचा आवाज ऐकून ती आधीच गुडघा सरकवू लागली. संसारात दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत. गेल्या पोळ्याला ती वारली. त्यानंतरही गिअर टाकताना तो जरासा थांबायचा, तिला सरकायला वेळ मिळावा म्हणून.

तळोद्यापुढच्या घाटात इंजिन कण्हलं. वीरसिंगचा हात दांड्याकडे गेला आणि पाय क्लचकडे. दांडा नव्हताच, आणि पाय पडला ब्रेकवर. शेठचं कपाळ काचेवर आपटलं.

"क्लच नही शे रे बाबा."

"सवय शे, शेठ."

पुढच्या वळणावर तोच आवाज आला. वीरसिंगनं पाय आवरला, पण हात गेलाच, आणि तसाच अधांतरी राहिला.

"काय देखी ऱ्हायना, दादा?"

"काही नही. गुडघा जरा सरकाव."

शेठनं गुडघा सरकवला. ट्रकनं आपला आपणच गिअर बदलला.