मथळ्यानंतर काही नको

१ नियम

विद्यापीठाच्या प्रबंध-नियमावलीत कलम चौदा आहे. मथळ्यानंतर कोणतंही विरामचिन्ह नको.

प्रज्ञेशचा प्रबंध धायरीच्या विहिरींवर आहे. मथळे दोनशे बारा. त्याची नोंदणी आज पाच वाजता संपते. सहा वर्षं झाली, आता मुदतवाढ नाही.

२ सर :-

मार्गदर्शक अनंत सर प्रत्येक मथळ्यापुढे दोन टिंबं आणि एक रेघ देतात. चाळीस वर्षं देतात. त्याशिवाय सही करत नाहीत.

"मथळा उघडा टाकू नये. घराबाहेर पडताना दार उघडं टाकता का?"

३ दोन प्रती

सदाशिव पेठेतल्या शैलाताई प्रबंध टाइप करून, बांधून देतात.

"एक प्रत सरांना, चिन्हांसकट. एक विद्यापीठाच्या खिडकीला, बिनचिन्हांची. सही फक्त प्रमाणपत्राच्या पानावर असते. ते पान मी साधं छापते. सही झाली की या प्रतीतून काढून त्या प्रतीत लावायचं."

"ताई, ही फसवणूक नाही का?"

"बायंडिंग आहे."

सरांनी सही केली. मग वरच्या 'प्रमाणपत्र' या मथळ्याकडे पाहिलं आणि पेनाने पुढे :- काढलं.

४ खिडकी, साडेचार

"हे काय?" खिडकीतल्या नम्रता मॅडम म्हणाल्या.

"सरांनी पेनाने केलंय."

"हाताने केलेली दुरुस्ती चालते. कलम एकोणीस. पण शेजारी मार्गदर्शकांची छोटी सही लागते."

प्रज्ञेशने फोन केला. सर स्कूटरवरून आले, त्यांनी छोटी सही केली आणि पुढचं पान उलटलं. मग आणखी एक.

"सर, नियम आहे," प्रज्ञेश म्हणाला.

सर खिडकीकडे वळले. "मॅडम, अशा कितीही दुरुस्त्या चालतात?"

"कलमात आकडा नाही."

सर प्रबंध घेऊन बाकावर बसले.

५ पाचला पाच कमी :- (अ.)

सर तिसऱ्या विहिरीवर होते. प्रज्ञेश पानं उलटून देत होता.

"सर, एवढ्यात नाही होणार."

"सहा वर्षं काय करत होतात?"

नम्रता मॅडमनी घड्याळ पाहिलं, बाकाकडे पाहिलं. मग पोहोच लिहिली, आजच्या तारखेचा शिक्का मारला आणि ती प्रज्ञेशच्या हातात दिली.

"प्रबंध आला. खिडकी बंद करतेय. सरांचं झालं की पंखा घालवा."