ओडेलियाची निळी मोटार

मी एक निळी मोटार बोलतेय. माझं सगळं आयुष्य लुइझियानातल्या लेक चार्ल्स गावात गेलं. इथला उन्हाळा अंगाला चिकटतो. पहाटेसुद्धा माझ्या काचांना घाम असतो.

कारखान्यात मला जोडलं, तेव्हा स्टीअरिंगच्या पोटात एअरबॅग घडी करून बसवली. ती फुगवायला एक लहानसा धातूचा डबा आणि त्यात स्फोटाची दारू. धडक बसली की पिशवीनं फुगायचं आणि चालवणाऱ्याचं डोकं झेलायचं. पण वर्षानुवर्षांच्या दमट उष्म्यानं ती दारू आतल्या आत बिघडत गेली. वरून कुणाला काही दिसत नव्हतं.

माझी मालकीण ओडेलिया गिड्री शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मनानं चांगली, पण हेकट. तिची नणंद अर्लीन चर्चमध्ये गायची; तिचा आवाज लागला की रस्त्यावरचे लोक थबकायचे.

एका शनिवारी बाजाराच्या आवारात अर्लीनची गाडी पुढच्या गाडीवर आदळली. पोचा येऊन निभावलं असतं. पण तिच्याही एअरबॅगचा तसाच बिघडलेला डबा फुटला आणि त्याचा तुकडा तिच्या गळ्यात घुसला. ती वाचली. गाणं मात्र गेलं. उरली एक घोगरी कुजबुज.

कंपनीनं अशा सगळ्या गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. त्यांत मीही होते.

"वहिनी, गाडी दाखवून ये," अर्लीन म्हणाली.

"नेईन गं सवडीनं. एकदा त्यांच्या दारात गेलं की नवीन गाडी गळ्यात मारल्याशिवाय सोडत नाहीत ते."

अर्लीननं गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. "माझ्या गळ्यात काय मारलंय ते बघ."

ओडेलियानं मान फिरवली.

पुढच्या रविवारी ओडेलिया तिला चर्चला न्यायला आली, तर अर्लीन माझ्यात बसेना. हॅट घालून, उंच टाचांवर, भर उन्हात ती रस्त्याच्या कडेनं चालू लागली. ओडेलिया मला तिच्या बाजूनं रांगत नेत राहिली.

"बस ना आत. लोक बघतायत."

"बघू देत. मी ह्या गाडीत बसणार नाही, आणि तू बसलेली मला बघवत नाही."

मागे गाड्या तुंबल्या. चर्चमधले म्हातारे एल्व्हिन काच खाली करून म्हणाले, "बायांनो, ही अंत्ययात्रा कुणाची, तेवढं तरी सांगा."

"हिची," अर्लीन म्हणाली. "अजून व्हायचीय."

ओडेलियानं मला कडेला घेतलं. मग उतरली, मला कुलूप लावलं आणि नणंदेचा हात धरून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मला ओढून गॅरेजात नेलं आणि तो डबा बदलला. अर्लीन तेवढ्यावर थांबली नाही. चर्चमध्ये जिथं उभी राहून गायची, तिथंच उभी राहून तिनं कुजबुजत सगळ्यांना आपापल्या गाड्या दाखवून घ्यायला सांगितलं. ऐकू यावं म्हणून अख्ख्या चर्चनं श्वास रोखला. पुढच्या रविवारी गॅरेजवालेच सुटे भाग घेऊन चर्चच्या अंगणात आले. गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागली, आणि ओडेलिया सगळ्यांना गम्बोचा रस्सा आणि भात वाढत फिरली.

पुढच्या वसंतात लाल सिग्नल तोडून एक ट्रक समोरून आला. माझं नाक चेपलं, इंजिन मागे सरकलं. पण पिशवी उघडली, जशी उघडायला हवी तशी. ओडेलिया दार ढकलून स्वतःच्या पायांनी बाहेर आली. नाकातून रक्त येत होतं. तिनं फोन लावला.

"अर्लीन, गाडी गेली. मी आहे."

पलीकडून घोगरं, खरखरीत हसू आलं, आणि ते थांबेचना.

आता मी भंगाराच्या वाड्यात आहे. उद्या मला दाबून माझी वडी करतील. मला त्याचं दुःख नाही. माझं काम मी चोख केलं. तुमच्या गाडीला परत बोलावणं आलं असेल, तर तिला आजच न्या. ती बिचारी स्वतः सांगू शकत नाही.

ती पांढरी पिशवी अजून माझ्या स्टीअरिंगमधून लोंबतेय. तिच्यावर ओडेलियाच्या लिपस्टिकचा ठसा आहे. लालभडक, दोन्ही ओठांचा, अख्खा.