तिघांचा टॉवेल

मी एक जुना, विटलेला टॉवेल आहे, मित्रांनो. सोलापूरच्या मागावर विणला गेलो आणि हैदराबादच्या बेगम बाजारात विकला गेलो. मला घेणाऱ्या स्नेहाताई पुण्याहून नव्यानेच आल्या होत्या. त्यांचे यजमान अविनाश इथल्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागले होते. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात नळ एक दिवसाआड यायचा. धुणे कमी पडावे म्हणून तिघांत टॉवेल एकच, तो मी. आधी अविनाश, मग स्नेहाताई, शेवटी त्यांची सहा वर्षांची लेक शर्वरी. दिवसभर मी दाराआड ओलाच लटकायचो. पण तिघांना बिलगायला मिळायचे, त्यातच माझे सुख होते.

एकदा शर्वरीच्या मानेवर लाल, खाजरे कडे उठले. कड खरबरीत, मध्ये साफ. स्नेहाताई रोज पट्टी लावून ते मोजायच्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पांढरे मलम दिले. "लगा लो अम्मा, दो दिन में साफ हो जाता." खाज खरेच थांबली. पण आठवड्याने एकाची तीन कडी झाली, आणि अविनाशच्या जांघेतही एक उठले.

वरच्या मजल्यावरच्या उषाम्मांनी आपल्या मुलीला आत ओढले. "उसके साथ खेलना नक्को! तामर है वो, लग जाती." तामर म्हणजे तेलुगूत गजकर्ण.

शर्वरी फाटकाशी एकटीच ठिकऱ्या खेळू लागली. घरातही स्नेहाताई तिला लांबूनच वाढत.

"आई, मी घाण आहे का गं?"

"नाही गं राणी," त्या म्हणाल्या, पण जवळ आल्या नाहीत. पोर माझ्यात तोंड खुपसून रडली. मी तिचे डोळे पुसले. दुसरे कोण होते?

शेवटी त्या तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. परत येऊन अविनाशना सांगू लागल्या, तेव्हा मला सारे कळले. "बुरशी आहे म्हणे. घाम, ओल मिळाली की कातडीवर वाढते. बाळांच्या लंगोटाखाली यीस्ट वाढते, तीही एक बुरशीच. औषधवाल्याच्या मलमात स्टिरॉइड होते, त्याने खाज दबली, बुरशी माजली. आता हे नवे मलम डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचे. आणि अहो, आपला हा एकच टॉवेल..."

"म्हणजे मी कंपनीत, आणि घरात बुरशीची शाखा!" अविनाश म्हणाले. स्नेहाताई हसल्या नाहीत.

ज्यांना बिलगत होतो, त्यांच्यात मीच ती बुरशी पसरवत होतो, मित्रांनो. मला उकळत्या पाण्यातून काढून अंगणातल्या तारेवर टाकले. घरात तीन नवे टॉवेल आले. मला पुन्हा कुणी आत नेले नाही.

डाग गेले, तरी मलम चालूच होते. एका दुपारी स्नेहाताईंनी शर्वरीला हाक मारली, तर ती दाराशीच थबकली. "शिवू नकोस आई, तुला लागेल."

स्नेहाताई तिच्याजवळ खाली बसल्या. तिला ओढून मांडीवर घेतले. "लागू दे. मलम आहे ना आपल्याकडे."

तारेवरून मी पाहत राहिलो. मित्रांनो, प्रत्येकाला आपापला टॉवेल द्या, त्याला रोज ऊन दाखवा, डॉक्टरने दिलेले मलम मध्येच सोडू नका. आणि ज्या पोराला कडे उठले असेल, त्याला जवळ घ्या. ते काम टॉवेलाच्याने होत नाही.