डावीकडचा सिंह

पोडोलिया प्रांतातल्या एका गावी ज्यूंच्या लाकडी प्रार्थनाघरात माणसाचं चित्र काढायला मनाई. म्हणून येरुखम चितारी छतावर आपले सिंह, हरणं, करकोचे रंगवत बसायचा. तिथली झाडलोट, दिवाबत्ती बघणारा झानवेल खालून सारखा करवादायचा, "बाकावर रंग सांडला! तुझा बाप पुसणार का?" शिडी धर म्हटलं, तर म्हणायचा, "देव धरेल."

एक दिवस येरुखमचं डोकं फिरलं. पवित्र ग्रंथांच्या उंच कपाटाच्या माथ्यावर सिंहांची जोडी काढायची होती. उजवीकडच्या सिंहाला त्याने झानवेलचे सुपासारखे कान, लोंबत्या मिशा आणि तोच आंबट चेहरा दिला. शनिवारी ऐन प्रार्थनेत बायकांच्या सज्जात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं गावच हसलं. झानवेलने वर पाहिलं आणि तो तडक निघून गेला. त्यानंतर तो घराबाहेर पडेना.

गावच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, येरुखमला गाठलं. "माणूस काढलास?"

"सिंह आहे, रब्बी. शेपूट बघा ना."

"शेपटीचं सोड. चारचौघांत कुणाला मान खाली घालायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं."

"मग पुसून टाकतो."

"म्हणजे तो झानवेलच होता अशी दवंडी पिटणार? शहाणाच आहेस! उद्या संध्याकाळी प्रायश्चित्ताचा उपवास सुरू होतो. देवाविरुद्धचे अपराध देव पोटात घालेल. झानवेलचा केलेला अपराध त्याआधी झानवेलनेच पोटात घालायला हवा."

येरुखमची गाळण उडाली. त्याने झानवेलचं दार ठोठावलं. "चुकलो, झानवेलदादा. माफ कर."

"हसं केलंस गावासमोर, आणि माफी मागतोस दाराआड?" झानवेलने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी येरुखमने डावीकडचा सिंह काढला. वाकडं नाक, तिरळा डोळा, पुढचे दात गायब. हुबेहूब येरुखम! दिवस कलायच्या आधी उपवासाच्या पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, त्यांनी वर पाहिलं आणि पोट धरधरून हसली. येरुखमचे कान तापले. झानवेलला काय सोसावं लागलं, ते त्याला आत्ता कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी घरी कोण बसणार? झानवेलही आला. दारातच थांबून त्याने कितीतरी वेळ वर पाहिलं.

"नाक लहान काढलंस," तो म्हणाला. "देवाच्या घरात, आजच्या दिवशी खोटं?"

"मोठं करतो, दादा."

"मग चढ की! सूर्य बुडाला की काम बंद. तो काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

येरुखम कुंचला दातांत धरून चढला. शिडी नेहमीसारखी डुगडुगली आणि एकदम स्थिर झाली. त्याने खाली पाहिलं. झानवेलने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"बाकावर सांडू नकोस," झानवेल म्हणाला.