लवू परबांचा पवित्रा

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून आजवर कोणाला सांगितलं नाही," लवू परब म्हणाले. भोईवाड्यातल्या त्या व्यायामशाळेच्या भिंतींनासुद्धा ही गोष्ट पाठ होती, ते सोडा. आज ती मागितली होती नातीने, आणि मागताना ती हसली नव्हती.

सकाळपासून लवू परबांचे पाय थाऱ्यावर नव्हते. चहा उभ्याने प्यायला, पेपर उलटा धरला, आणि कुलूप उघडायला सगळ्यांच्या आधी येऊन हॉलभर येरझाऱ्या घालत बसले. कमिटीच्या दत्तारामने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "लवू, लाठी-पट्टा शिकणारं एक जरी पोर राहिलं तरी रविवारचा हॉल तुझा. नाहीतर विकासची मॅट कायमची." ते एक पोर म्हणजे अनुजा, लेकाची मुलगी. आणि ती आज विकासच्या मॅटवर उभी होती, हातात बॉक्सिंगचे मोजे घालून.

विकास नव्या कुस्ती-ठोशांचा कोच. कान तळणीत फुटलेल्या करंजीसारखे, स्वभाव मात्र गोगलगाईचा. "समोरच्याकडे चाकू दिसला तर पहिलं काय?" त्याने विचारलं.

"पळायचं!" पोरं ओरडली.

"पळायची शिकवणी?" कोपऱ्यातून लवू परब म्हणाले. "अरे, भोईवाड्यातली मांजरंपण पळतात. ती कुठल्या क्लासला जातात?"

"मग तुमचा पट्टा काय पर्समध्ये घालून फिरू, आजोबा?" अनुजा म्हणाली. "ऑफिसचा सिक्युरिटीवाला आत तरी सोडेल का?" पोरं खिदळली. ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मस्करी नाही करत. गेल्या आठवड्यात पुलाच्या जिन्यावर एकाने हात धरला माझा. लोक आले म्हणून सोडला. एवढी वर्षं लाठी फिरवली आणि मी नुसती उभी राहिले, पुतळ्यासारखी. हे तुम्हाला एकदा तरी कामाला आलंय का? खरं सांगा. आलं असेल तर मॅट सोडते."

खरं सांगा म्हटलं की लवू परबांना खोटं सुचतं, हा त्यांचा जुना आजार.

"गिरणीची पहिली पाळी सुटलेली. भर दुपार. तुझी आजी नवी नवरी, तिने नारळ आणायला सांगितलेला. पिशवीत नारळ घालून पाठच्या गल्लीतून येतोय, तर समोर चार जण. हातात गुप्त्या!"

"मागच्या टायमाला तीन होते, काका," एक पोरगा म्हणाला.

"चौथा मुतारीत गेलेला. नंतर आला." लवू परब थांबलेच नाहीत. "हातात लाठी नाही. पण लाठी हातात नसते गो, पायात असते. मी पवित्रा घेतला!"

आणि त्यांनी तो खरोखर घेतला. डावा पाय मागे, टाच अधांतरी, अंगाचा भार चवड्यांवर. मग तिरके मागे सरकले ते असे, की मॅटला पत्ता लागला नाही. विकास खाली वाकून त्यांचे पाय बघायला लागला. "काका, थांबा, थांबा. ते तिरकं मागे सरकलात ते परत दाखवा ना. आमच्या पोरांना नेमकं हेच जमत नाही."

पण लवू परब आता हवेत होते. खरी दाद कानाशी आली होती आणि ते खोट्याच्या पाठी लागले होते.

"पिशवी गरगर फिरवली. एकाची गुप्ती उडाली ती थेट गिरणीच्या भोंग्यात! दुसऱ्या दिवशी भोंगा वाजलाच नाही, अख्खी पाळी घरी झोपून. दुसऱ्याच्या टाळक्यात नारळ. सरळ दोन वाट्या, पाण्याचा थेंब सांडला नाही!"

पोरं मॅटवर लोळायला लागली. अनुजाने मात्र एक मोजा काढला होता आणि दुसऱ्याचा बंद सोडत होती. तिने विश्वास ठेवायचं ठरवलेलं दिसत होतं. ते बघून लवू परबांना गोष्ट तिथेच आवरावीशी वाटली. पण चढलेल्या माणसाने उतरायचं कुठून?

"चौघे पळाले. मी नाही हललो. परब जागचा हलत नाही!"

"म्हणजे उभं राहायचं," अनुजा म्हणाली. "परत कोणी आलं तर उभं राहायचं."

"उभं राहायचं," लवू परब म्हणाले, आणि त्यांचा डावा पाय आपणहून मागे सरकला.

दारात त्यांची बायको सुभद्रा उभी होती. सकाळच्या गडबडीत नवरा प्रेशरची गोळी न घेताच निघाला म्हणून ती घेऊन आली होती. मॅटवर पायताण चालत नाही हा विकासचा नियम. तिने आपल्या चपला काढून हातात धरल्या होत्या.

"नारळ अख्खो इल्लो घराक," ती म्हणाली. "मीच फोडलंय."

लोळणारी पोरं उठून बसली.

"सुभद्रे, तुला काय माहीत? तू होतीस तिथे?"

"मी घराच्या पाठल्या दारात होतंय." सुभद्रा नवऱ्याकडे बघतच नव्हती, नातीकडे बघत होती. "चार खयचे, बाय, एकच होतो. आणि पवित्रो कसलो? गुपती दिसली तशी ह्यांनी चपलो काढल्यानी, आणि अशे..." तिने चपलांचा हात वर केला, "अशे हातात धरून धावत इले. म्हणान तर आज हंय खोटा बोलूक जिते आसत!"